विजेचा नाद आणि मेंदूची वाट

सन १८०० च्या मार्च महिन्यांत इटलींतील पदार्थविज्ञानवेत्ता आलेस्सांद्रो व्होल्टा यानें लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांस एक लांबलचक पत्र लिहिलें. धातूच्या चकत्या एकावर एक रचून वीज निर्माण करणाऱ्या नव्या साधनाचें वर्णन त्यांत होतें, आणि त्या साधनाची परीक्षा त्यानें स्वतःच्या इंद्रियांवर कशी केली ह्याचाहि वृत्तांत होता. जिभेस वीज लावली तेव्हां चव उमटली. डोळ्यापाशीं नेली तेव्हां प्रकाश चमकला. मग त्यानें धातूच्या दोन सळया दोन्ही कानांत घातल्या आणि त्यांचीं टोंकें तीस-चाळीस जोड्यांच्या रचनेस जोडलीं. मंडल पुरें होतांच डोक्यांत एक जबरदस्त हिसका बसला. आणि क्षणभरानें, एखादा घट्ट पदार्थ रटरट शिजत असावा, तसा चमत्कारिक आवाज त्याला ऐकूं येऊं लागला. मेंदूस अपाय होईल ह्या धास्तीनें त्यानें हा प्रयोग वारंवार केला नाहीं.

बाहेरून कोणताहि ध्वनि आला नव्हता, आणि तरीहि नाद उमटला. विजेच्या वाटेनेंहि ध्वनीचा अनुभव मनुष्यास होऊं शकतो, एवढी गोष्ट त्या दिवशीं सिद्ध झाली. बहिऱ्या माणसाच्या दृष्टीनें ह्या गोष्टीचें महत्त्व काय आहे, हें कळावयास दीडशेहून अधिक वर्षें लागलीं. आणि ती वीज ज्या मेंदूपर्यंत पोंचावयाची, त्या मेंदूची स्थिति बाधिर्यामुळें कशी पालटते, हें समजण्यास त्याहूनहि अधिक काळ लागला. विजेनें ऐकविण्याचा हा सारा इतिहास एका समजुतीच्या निरासाचा इतिहास आहे. ती समजूत अशी कीं, बहिऱ्याचा फक्त कान बिघडलेला असतो. कानामागची वाट शाबूत असते, आणि कानाचें काम दुसऱ्या कशानें भागविलें कीं माणसास ऐकूं आलेंच पाहिजे.

ती वाट कशी आहे, हें प्रथम पाहिलें पाहिजे. ध्वनीची लहर कानाच्या पडद्यावर आदळते. पडद्यामागील तीन चिमुकलीं हाडें ती आंतल्या कानाकडे पोंचवितात. आंतला कान म्हणजे गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची, द्रवानें भरलेली नळी. तिला शंखनलिका म्हणतां येईल. उलगडली तर तिची लांबी सुमारें ३५ मिलिमीटर भरेल. १८५१ सालीं आल्फोन्सो कोर्टी ह्या इटालियन शरीरशास्त्रज्ञानें सूक्ष्मदर्शकाखालीं ह्या नळीची रचना तपासून, तींत ओळीनें बसविलेल्या पेशींचें वर्णन प्रसिद्ध केलें. ह्या पेशींच्या माथ्यावर अतिसूक्ष्म केस असतात. द्रवांत लहर उठली कीं ते केस लवतात. केस लवले कीं पेशींतील विजेची स्थिति बदलते, आणि पेशीस लागून असलेल्या श्रवणतंतूस चेतना मिळते. असे सुमारें तीस हजार तंतु प्रत्येक कानापासून मेंदूकडे जातात.

१८६३ सालीं जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यानें असें प्रतिपादन केलें कीं, पियानोची एकेक तार जशी आपापल्या स्वरास साद देते, तसा ह्या नळीचा एकेक भाग एकेका स्वरास साद देतो. हंगेरींत जन्मलेल्या गेऑर्ग फॉन बेकेशी यानें पुढें प्रत्यक्ष पाहून ह्या कल्पनेंत मोठी दुरुस्ती केली. नळीच्या पडद्यावरून लहर कशी प्रवास करते हें त्यानें दाखविलें, आणि त्याबद्दल त्याला १९६१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पण मूळ गोष्ट कायम राहिली. उंच स्वर नळीच्या तोंडाशीं वाजतात, खर्जाचे स्वर तिच्या आंतल्या टोंकाशीं. हीच मांडणी पुढें मेंदूंतहि चालूं राहते. श्रवणतंतु मेंदूच्या देठांतील पहिल्या ठाण्यावर पोंचतात. तेथून निरोप अशा ठाण्यांवर जातो कीं जेथें डाव्या आणि उजव्या कानांच्या निरोपांतील सूक्ष्म अंतर तपासून ध्वनीची दिशा ठरते. तेथून मध्यमेंदू, तेथून थॅलॅमस नांवाचें केंद्र, आणि अखेर कानशिलाच्या आंतल्या बाजूस मोठ्या मेंदूच्या बाह्य थरांतील श्रवणक्षेत्र. ह्या मुख्य ठाण्यांवर स्वर पेटीच्या पट्ट्यांप्रमाणें क्रमानें मांडलेले असतात.

जन्मतः, किंवा रोगानें, औषधांच्या दुष्परिणामानें, वार्धक्यानें जें पक्कें बाधिर्य येतें, त्यांत बहुधा ह्या केसाळ पेशी नाहींशा झालेल्या असतात. मनुष्यांत त्या पुन्हां उगवत नाहींत. पण त्यांच्यामागील श्रवणतंतु पुष्कळदां बऱ्याच प्रमाणांत जिवंत राहतात. मग ह्या तंतूंनाच वीज दिली तर काय होईल?

हा प्रश्न पॅरिसमध्यें प्रत्यक्षांत उतरला. २५ फेब्रुवारी १९५७ रोजीं शार्ल एरिएस ह्या शल्यवैद्यानें एका पूर्ण बहिऱ्या झालेल्या गृहस्थावर शस्त्रक्रिया केली. कानांच्या रोगानें त्याची श्रवणशक्ति गेली होती, आणि चेहऱ्याचा मज्जातंतूहि निकामी झाला होता. त्याच संधीस, आन्द्रे जूर्नो ह्या संशोधकानें तयार केलेलें तारेचें वेटोळें त्याच्या कानशिलांत बसवून, त्याचें टोंक श्रवणतंतूच्या उरलेल्या भागास टेकविण्यांत आलें. बाहेर दुसरें वेटोळें धरून त्यांतून वीज खेळविली कीं आंतल्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होई. रोग्यास प्रथम रातकिड्याच्या किरकिरीसारखा आवाज ऐकूं आला. पुढें सरावानें 'पापा', 'मामां', 'आलो' असे थोडे शब्द तो एकमेकांपासून वेगळे ओळखूं लागला. परंतु आंतली तार तुटली. पुन्हां बसविलेली दुसरीहि बिघडली. आणि तें काम तेथेंच थांबलें.

ह्या प्रयोगाची हकीकत लॉस एंजेलिस येथील कर्णवैद्य विल्यम हाउस यांच्या हातीं एका रोग्यानेंच आणून दिली. १९६१ सालीं त्यांनीं जॉन डॉइल ह्या मेंदूच्या शल्यवैद्याच्या साह्यानें शंखनलिकेंतच सोन्याची तार बसविली. रोग्यांस नाद ऐकूं आला. पण शरीरास ती परकी वस्तु सोसली नाहीं, आणि ती काढून घ्यावी लागली. १९६४ सालीं स्टॅनफर्ड येथें ब्लेअर सिमन्स यांनीं श्रवणतंतूंच्या जुडग्यांतच सहा विद्युदग्रें बसवून पाहिलीं. निरनिराळ्या अग्रांस वीज दिली असतां रोग्यास निरनिराळ्या उंचीचे स्वर ऐकूं आले. शंखनलिकेंतील स्वरांच्या मांडणीचा विजेच्या साह्यानेंहि उपयोग करून घेतां येईल, अशी आशा त्यामुळें उत्पन्न झाली.

त्या काळीं विद्वानांचा मोठा वर्ग ह्या खटाटोपाच्या विरुद्ध होता. तीस हजार तंतूंचें काम दोन-चार तारांनीं भागणार कसें, असा त्यांचा प्रश्न होता आणि तो वाजवीहि होता. अमेरिकन सरकारच्या आरोग्य-संशोधन संस्थांनीं अखेर पिट्सबर्ग येथील रॉबर्ट बिल्जर यांच्याकडे चौकशीचें काम सोंपविलें. एकच मार्ग असलेलीं यंत्रें वापरणाऱ्या तेरा माणसांची त्यांनीं कसून परीक्षा केली. १९७७ सालीं त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. केवळ यंत्राच्या बळावर कोणासहि बोलणें समजत नव्हतें; परंतु ओठांच्या हालचालींवरून बोलणें ओळखण्यास यंत्राचें निश्चित साह्य होत होतें, आणि स्वतःचा आवाज ताब्यांत ठेवणें त्या माणसांस सोपें जात होतें. पेटीच्या सर्व पट्ट्या एकाच तळहातानें दाबल्या तर ताल कळेल, चाल कळणार नाहीं. एकमार्गी यंत्राची स्थिति तशीच होती.

ऑस्ट्रेलियांत मेलबर्न येथील ग्रेअम क्लार्क यांनीं अनेकमार्गी यंत्राचा ध्यास घेतला होता. त्यांचे वडील औषधविक्रेते होते, आणि त्यांस कमी ऐकूं येत असे. दुकानांत गिऱ्हाइकांशीं बोलतांना होणारी त्यांची कुचंबणा क्लार्क यांनीं लहानपणीं पाहिली होती. शंखनलिकेच्या वेढ्यांतून तारांची नाजुक जुडी न दुखवितां आंत कशी सरकवावी, हें कोडें कांहीं केल्या सुटत नव्हतें. १९७७ सालीं समुद्रकिनाऱ्यावर बसलें असतां त्यांनीं एका शंखांत गवताचीं पातीं सरकवून पाहिलीं. टोंकाशीं लवचिक आणि बुडाशीं ताठ असलेलें पातें वेढ्यांतून अलगद आंत जातें, असें त्यांच्या ध्यानांत आलें, आणि त्या नमुन्यावर विद्युदग्रांची जुडी तयार झाली. १ ऑगस्ट १९७८ रोजीं रॉड साँडर्स ह्या गृहस्थाच्या कानांत ती बसविण्यांत आली. मोटारीच्या अपघातांत त्यांची श्रवणशक्ति गेली होती. पुढच्या कांहीं महिन्यांत, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे न पाहतां, ते कांहीं शब्द ओळखूं लागले. त्याच सुमारास, १९७७ च्या डिसेंबरांत, व्हिएन्ना येथें इंगेबोर्ग आणि एर्विन होखमायर ह्या दांपत्यानें बनविलेलें अनेकमार्गी यंत्रहि एका रोग्याच्या कानांत बसविलें गेलें होतें. पुढें १९९१ सालीं अमेरिकेंतील ब्लेक विल्सन यांनीं सर्व अग्रांस एकाच वेळीं वीज न देतां, एकामागून एक अति जलद स्पंदांनीं ती देण्याची पद्धति प्रसिद्ध केली. त्यामुळें शेजारच्या अग्रांची वीज एकमेकींत मिसळेनाशी झाली आणि बोलणें पुष्कळच स्पष्ट झालें. क्लार्क, इंगेबोर्ग होखमायर आणि विल्सन ह्या तिघांस २०१३ सालीं लास्कर पारितोषिक देण्यांत आलें.

यंत्राची कथा येथवर यशाची आहे. परंतु ह्या यशाबरोबरच एक कोडें उभें राहिलें. जीं माणसें बोलावयास शिकल्यावर, मोठेपणीं बहिरीं झालीं होतीं, त्यांना यंत्र बसवल्यावर प्रथम सर्व आवाज यांत्रिक आणि विचित्र वाटत. पण आठवडे लोटले, महिने लोटले, कीं तेंच यंत्र आणि तीच वीज असून पत्नीचा आवाज पत्नीसारखा वाटूं लागे. उलट, जन्मतः बहिरीं असून तरुणपणीं किंवा त्यानंतर यंत्र बसविलेलीं माणसें होतीं. त्यांनाहि आवाज ऐकूं येई. दार वाजलें, गाडी गेली, हें कळे. पण वर्षानुवर्षें सराव करूनहि बोललेला शब्द बहुतेकांस उकलत नसे. शस्त्रक्रिया तीच, यंत्र तेंच. फरक कोठें होता? कानांत तो सांपडेना. तो शोधण्यासाठीं शास्त्रज्ञांस वाटेच्या पुढच्या ठाण्यांकडे वळावें लागलें.

त्या दिशेचें पहिलें पाऊल पूर्वीच पडलेलें होतें. रीटा लेव्ही-माँटाल्चिनी ह्या इटालियन विदुषीनें १९४९ सालीं कोंबडीच्या गर्भावरील प्रयोग प्रसिद्ध केले होते. कान ज्यापासून बनतो तो भाग गर्भावस्थेंतच काढून टाकला, तर मेंदूंतील श्रवणाच्या पहिल्या ठाण्यांची वाढ कशी होते, हें तिनें पाहिलें. ठाणीं मांडलीं जातात, पण तंतूंचा निरोप न मिळाल्यामुळें त्यांतील कांहीं पुढें खुरटतात, असें तिला आढळलें. १९६० नंतरच्या वर्षांत डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनीं मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा कांहीं काळ शिवून बंद ठेवला. पुढें तो उघडल्यावर डोळा निर्दोष होता, तरी मेंदू त्या डोळ्याचें म्हणणें ऐकेनासा झाला होता. मोठ्या मांजरावर तोच प्रयोग केला तर असा परिणाम होत नसे. बाल्यांत एक ठराविक मुदत असते, आणि त्या मुदतींत इंद्रियाचा उपयोग झाला नाहीं तर मेंदूंतील त्याची जागा राहत नाहीं, हा सिद्धांत त्यांतून निघाला. ह्या दोघांस १९८१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. १९७७ सालीं डग्लस आणि मॉली वेब्स्टर यांनीं उंदरांच्या पिल्लांस जन्मापासून ध्वनीपासून वंचित ठेवून दाखविलें कीं, श्रवणाच्या ठाण्यांतील पेशीहि नेहमींपेक्षां लहान राहतात.

ह्यापुढील शोधास एका विशिष्ट प्राण्याचें मोठें साह्य झालें. निळ्या डोळ्यांचीं पांढरीं मांजरें बहुधा बहिरीं असतात, ही गोष्ट डार्विननें १८५९ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत नमूद केली आहे. अशा जन्मतः बहिऱ्या पांढऱ्या मांजरांत मनुष्याच्या जन्मजात बाधिर्याशीं पुष्कळ साम्य असतें. श्रवणतंतु मेंदूंतील पहिल्या ठाण्यावर पोंचतो तेथें त्याच्या टोंकास फांद्या फुटून, पंजानें फळ धरावें तसें तें टोंक पुढच्या पेशीस कवटाळतें, असें हान्स हेल्ड ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८९३ सालीं दाखविलें होतें. ह्या मोठ्या जोडांमुळेंच ध्वनीचा काळवेळ अतिशय अचूकपणें पुढें जातो. अमेरिकेंत डेव्हिड र्‍यूगो आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९७ सालीं बहिऱ्या मांजरांतील हे जोड तपासले. फांद्या विरळ झाल्या होत्या, आणि दोन पेशींमधील निरोप देण्या-घेण्याच्या जागा चपट्या व पसरट होऊन त्यांचें रूपच पालटलें होतें. वाटेच्या पहिल्याच पुलावर अशी पडझड होती.

मोठ्या मेंदूच्या श्रवणक्षेत्रांत काय होतें, हें जर्मनींतील फ्रँकफर्ट येथें राइनर क्लिंके, आंद्रेय क्राल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं पाहिलें. बहिऱ्या मांजराच्या श्रवणक्षेत्रास विजेचा निरोप पोंचतो, पण तो वरच्या थरांतच विरतो. जे खोल थर इतर केंद्रांशीं देवघेव करतात, त्यांची हालचाल मंद राहते. म्हणजे घर बांधलेलें आहे, पण एका खोलींतून दुसऱ्या खोलींत जाण्याचीं दारें उघडलेलीं नाहींत.

मग ह्या मेंदूस वीज दिली तर तो सावरतो काय? ह्या प्रश्नाचीं उत्तरें एकामागून एक येत गेलीं. कॅलिफोर्नियांत पॅट्रिशिया लीक यांनीं १९९१ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, जन्मानंतर लगेच बहिरें केलेल्या मांजरांच्या शंखनलिकेस नियमित वीज दिली तर श्रवणतंतूंच्या अधिक पेशी जिवंत राहतात. १९९९ सालीं फ्रँकफर्टच्या मंडळीनीं जन्मतः बहिऱ्या पिल्लांच्या कानांत यंत्रें बसवून त्यांस अनेक महिने खोलींतील सर्वसाधारण आवाज ऐकविले. एक ठराविक स्वर वाजला कीं खाऊ मिळतो, हें तीं पिल्लें शिकलीं आणि त्या स्वरासरशीं धांवूं लागलीं. त्यांच्या मेंदूचें मापन केलें तेव्हां श्रवणक्षेत्राचा प्रतिसाद देणारा भाग पुष्कळ विस्तारलेला आढळला. २००५ सालीं र्‍यूगो यांनीं दाखविलें कीं, कोवळ्या वयांत यंत्र बसवून कांहीं महिने वीज मिळालेल्या मांजरांत पहिल्या ठाण्यावरील बिघडलेले जोड पुन्हां जवळजवळ मूळ रूपावर आले होते. जें बाधिर्यानें मोडलें होतें, तें विजेनें सांधलें.

परंतु ह्या सुवार्तेस दोन अटी होत्या. पहिली वयाची. यंत्र जितकें उशिरां बसवावें, तितका श्रवणक्षेत्राचा विस्तार कमी होतो, असें क्राल यांस आढळलें. दुसरी अट विजेच्या प्रकाराची. कॅलिफोर्नियांतच रसेल स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९० सालीं दाखविलें होतें कीं, एकाच जागीं एकाच प्रकारची वीज सतत देत राहिल्यास मध्यमेंदूंतील त्या जागेचें क्षेत्र अवास्तव पसरतें आणि स्वरांची रेखीव मांडणी पुसट होते. मेंदूस जें द्यावें तसा तो बनतो. अर्थपूर्ण आणि विविध आवाज मिळाले तर तो विवेक शिकतो. केवळ गोंगाट मिळाला तर गोंगाटाचाच विस्तार करतो.

मनुष्याच्या मुलांची हकीकत ह्याहून निराळी नाहीं. अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें १९८४ सालीं हाउस यांच्या एकमार्गी आणि १९८५ सालीं क्लार्क यांच्या अनेकमार्गी यंत्रास प्रौढ माणसांसाठीं मान्यता दिली. १९९० सालीं अनेकमार्गी यंत्रास दोन वर्षांवरील मुलांसाठीं मान्यता मिळाली. पुढें ही वयोमर्यादा २००० सालीं बारा महिन्यांपर्यंत आणि २०२० सालीं नऊ महिन्यांपर्यंत खालीं आली. ही मर्यादा कां खालीं आणावी, ह्याचें कारण अनु शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००२ सालीं स्पष्ट केलें. शंभराहून अधिक जन्मतः बहिऱ्या मुलांच्या डोक्यावर विद्युदग्रें लावून, ध्वनि झाल्यापासून मेंदूची पहिली मोठी लहर किती वेळानें उठते, हें त्यांनीं मोजलें. साडेतीन वर्षांच्या आंत ज्यांना यंत्र बसविलें होतें, त्यांची लहर यंत्र लाभल्यावर कांहीं महिन्यांतच ऐकूं येणाऱ्या मुलांच्या बरोबरीस आली. सात वर्षांनंतर ज्यांना तें बसविलें, त्यांच्यापैकीं बहुतेकांची लहर वर्षें लोटलीं तरी मागेंच राहिली.

ही मुदत संपते तेव्हां श्रवणाची जागा ओसाड पडते काय? तसें होत नाहीं. २००१ सालीं दक्षिण कोरियांतील शास्त्रज्ञांनीं बहिऱ्या मुलांच्या मेंदूंतील इंधनाचा खर्च मोजला. लहान वयांत श्रवणाच्या भागांत हा खर्च कमी होता. बाधिर्याचीं वर्षें वाढत गेलीं तसतसा तो वाढत गेला, म्हणजे ती जागा दुसऱ्या कोणीतरी कामास लावली होती. ज्या मुलांत ती अद्याप रिकामी होती, त्यांनाच यंत्रानें बोलणें अधिक चांगलें समजूं लागलें. स्टीफन लोंबर आणि त्यांचे सहकारी यांनीं २०१० सालीं बहिऱ्या मांजरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, नजरेच्या कडेची वस्तु हेरण्यांत आणि मंद हालचाल टिपण्यांत तीं ऐकणाऱ्या मांजरांस मागें टाकतात. आणि श्रवणक्षेत्राचे कांहीं विशिष्ट भाग थंड करून तात्पुरते निकामी केले, तर हें कौशल्य नाहींसें होतें. बहिऱ्या मेंदूनें गमावलेल्या इंद्रियाची जमीन शेजारच्या इंद्रियास कसावयास दिलेली असते.

येथें एका जुन्या वादाचा उल्लेख केला पाहिजे. १८८० सालीं मिलान येथें भरलेल्या बहिऱ्यांच्या शिक्षकांच्या परिषदेनें खुणांची भाषा शाळांतून वर्ज्य करावी असा ठराव केला, आणि पुढें कित्येक दशकें बहिऱ्या मुलांस हात बांधल्यासारखें शिकावें लागलें. मुलांच्या कानांत यंत्रें बसविण्यास सुरुवात झाली तेव्हां अनेक बहिऱ्या लोकांनीं त्यास विरोध केला, त्यामागें ह्या अन्यायाची स्मृति होती. त्यांचें म्हणणें असें कीं, खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे आणि ती बोलणारा समाज रोगी नव्हे. विज्ञानानें ह्या म्हणण्याचा पहिला भाग मान्य केला आहे. २००० सालीं लॉरा-ॲन पेटिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, जन्मतः बहिऱ्या माणसांचा मेंदू खुणांची भाषा पाहतांना, ऐकणाऱ्यांत जे भाग बोलण्याशीं निगडित समजले जातात, त्यांचाच उपयोग करतो. भाषा कानानें येवो वा डोळ्यानें, मेंदूस ती बाल्यांतच लागते. जें मूल यंत्राची वाट पाहण्यांत किंवा नुसत्या आशेंत पहिलीं वर्षें घालवितें, आणि ज्याच्याशीं खुणांनींहि कोणी बोलत नाहीं, त्याची हानि सर्वांत मोठी. कारण त्याला कोणतीच भाषा वेळेवर मिळत नाहीं.

म्हणून ह्या इतिहासांतील सर्वांत उपयुक्त शोध कदाचित् यंत्राचा नसून, बाधिर्य लवकर ओळखण्याच्या साधनाचा असेल. ज्या १९७८ सालीं साँडर्स यांच्या कानांत यंत्र बसलें, त्याच सालीं इंग्लंडांत डेव्हिड केंप यांनीं असें प्रसिद्ध केलें कीं, निरोगी कानांत ध्वनि सोडला तर कान स्वतः एक अतिक्षीण प्रतिध्वनि परत पाठवितो. केसाळ पेशी नष्ट झालेल्या असतील तर तो येत नाहीं. ह्या तत्त्वावर झोंपलेल्या तान्ह्या बालकाच्या कानाची परीक्षा कांहीं मिनिटांत करतां येते. त्यानें प्रश्न विचारण्याची किंवा मान वळविण्याची वाट पाहावी लागत नाहीं.

हिंदुस्थानांत बहिऱ्या मुलांच्या शिक्षणाचा आरंभ मुंबईंतच १८८५ सालीं झाला. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनीं, १९८३ सालीं, वांद्रें येथें अली यावर जंग ह्यांच्या नांवाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. फेब्रुवारी २०१३ मध्यें, त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांतील पालघर येथें बालकांच्या आरोग्यतपासणीच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा आरंभ झाला; ज्या व्याधी त्यांत हुडकावयाच्या होत्या त्यांत जन्मजात बाधिर्याचा समावेश होता. २०१४ सालीं केंद्र सरकारनें अपंगांस साधनें पुरविण्याच्या योजनेंत दरवर्षीं पांचशें मुलांसाठीं, प्रत्येकी सहा लाख रुपयांच्या मर्यादेपर्यंत, हें यंत्र देण्याची तरतूद केली, आणि त्या कामाची व्यवस्था वांद्र्याच्या संस्थेकडे सोंपविली. त्याच वर्षीं मुंबईचे कर्णवैद्य मिलिंद कीर्तने यांस पद्मश्री देण्यांत आली.

यंत्र आहे, तें बसविणारे हात आहेत, आणि कांहीं अंशीं पैशाचीहि सोय झाली आहे. पण ह्या सर्वांच्या आधीं एक गोष्ट घरांतच घडावी लागते. दीड-दोन वर्षांचें मूल हांकेस वळून पाहत नाहीं, बोबडे शब्दहि उच्चारीत नाहीं, तेव्हां घरांतील वडीलधारीं माणसें धीर देतात कीं, ह्याचे वडीलहि उशिरांच बोलले होते, आणखी वर्षभर पाहावें. हें बोलणें मायेचें असतें, आणि कित्येकदां तें खरेंहि ठरतें. पण ज्या एखाद्या घरीं तें खरें ठरत नाहीं, त्या घरांतील मुलाच्या मेंदूंत त्या वर्षभरांत काय घडत असतें, हें पांढऱ्या मांजरांच्या मेंदूनें दाखवून दिलें आहे. पहिल्या पुलाच्या फांद्या विरळ होत असतात, खोल थरांचीं दारें बंदच राहत असतात, आणि रिकामी जागा हळूहळू दुसऱ्याच्या ताब्यांत जात असते. मुलास कानाची तपासणी करून घेण्यास नेणें हें अविश्वासाचें किंवा अशुभाचें लक्षण नव्हे. तपासणींत कान निर्दोष निघाला तर कांहींच बिघडत नाहीं. आणि दोष निघाला तर, जें पुढें कितीहि पैसा खर्चून परत मिळत नाहीं, असें एक वर्ष त्या मुलाच्या पदरांत पडतें.